घोडबंदर रस्त्याच्या दोन बाजूंना दोन प्रजाती होतील का? हिशेब कसा मांडायचा?

मानपाडा_जीवशास्त्र:

बारावीच्या मुलांसाठी उत्क्रांतीवर दोन तासिका घ्यायच्या आहेत. गॅलापागोसच्या फिंच सगळ्यांना पाठ असतात, पण वर्गाच्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसत असताना उदाहरण तिथलंच घ्यावं असा विचार आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, घोडबंदर रस्त्यामुळे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि तुंगारेश्वर एकमेकांपासून तुटले. पुस्तकात "भौगोलिक विलगीकरणातून नवी प्रजाती" असं आहे. मग रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे कालांतराने दोन प्रजाती होतील, असं सांगितलं तर चालेल का? किती पिढ्या लागतात?

दोन, "ठाण्यात कोळ्याची नवी प्रजाती" अशा बातम्या येतात. २०२१ मध्ये हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या नावाने आयसियस तुकारामी हा उड्या मारणारा कोळी जाहीर झाला. मुलं विचारतात, तो इथे नव्याने तयार झाला का?

तीन, संगणक न वापरता बसवता येईल असा प्रयोग हवा. ४० मुलं, ४० मिनिटं.

साष्टीकर:

आधी नकाशा नीट करून घ्या, नाहीतर पुढचा सगळा हिशेब चुकेल. रस्त्यामुळे येऊरपासून तुटतो तो रस्ता आणि वसईची खाडी यांच्यामधला रानाचा पट्टा. तुंगारेश्वर त्याच्याही पुढे, खाडीपलीकडे आहे. येऊर आणि हा पट्टा दोन्ही साष्टी बेटावरच. म्हणजे अडथळे दोन आहेत आणि त्यांच्या वयात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वाहता हमरस्ता काही दशकांचा. खाडीचं वय हजारांत मोजायचं: सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता आणि आजच्या खाडीच्या जागी उल्हास नदीचं गोड्या पाण्याचं खोरं होतं. समुद्र आताच्या पातळीजवळ आला त्याला सहा-सात हजार वर्षं झाली. बेडकाला खारं पाणी सोसत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी खरी भिंत खाडीची. रस्ता ही तिच्यापुढे कालची गोष्ट.

दुसरं, अडथळा कोणासाठी हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. २००९ मध्ये माळशेज घाटात गळपट्टा लावून सोडलेला "आजोबा" हा बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालत थेट या उद्यानापर्यंत आला होता. पुढे महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला. अशा जनावरासाठी रस्ता म्हणजे धोका आहे, भिंत नाही. गोगलगाय, विंचू, पालापाचोळ्यात राहणारा छोटा बेडूक यांना मात्र डांबराचा रुंद पट्टा आणि त्यावरची रहदारी पुरेशी आहे.

आता आकडे. पूर्ण तुटलेल्या तुकड्यात केवळ योगायोगाने, म्हणजे ड्रिफ्टने, दर पिढीला जी जनुकीय विविधता जाते ती असते १ भागिले (२ × प्रभावी संख्या). प्रभावी संख्या म्हणजे डोकी नव्हेत. पुढच्या पिढीत वाटा उचलणाऱ्यांचा तो हिशेब असतो. नर-माद्या विषम असतील तर ४ × नर × माद्या ÷ (नर + माद्या). ८ नर आणि २२ माद्या प्रजनन करत असतील तर ३० जनावरांची प्रभावी संख्या साडेतेवीसच भरते.

एखाद्या मोठ्या सस्तन प्राण्याची प्रभावी संख्या २५ आणि पिढी सहा वर्षांची धरू. साठ वर्षांत दहा पिढ्या, पिढीला २ टक्के घट, एकूण १८ टक्के. बेडकाची प्रभावी संख्या २००० आणि पिढी एका वर्षाची धरली तर साठ पिढ्यांत जेमतेम दीड टक्का. म्हणजे रस्त्याने जो खरोखर अडतो त्या बेडकात फरक दिसत नाही, आणि ज्याच्यात लवकर दिसला असता तो अडत नाही. मुलांना इथे थांबवून विचार करायला लावा, फार उपयोगी जागा आहे ही.

कारण बाहेरून येणारं एखादं जनावरसुद्धा हिशेब बदलून टाकतं. तटस्थ, म्हणजे जगण्या-विण्यावर परिणाम न करणाऱ्या, जनुकांतला दोन तुकड्यांमधला फरक ० ते १ या पट्टीवर मोजतात. तो साधारण १ ÷ (४ × दर पिढीला येणारी जनावरं + १) इथे स्थिरावतो. पिढीमागे एकच जनावर आलं आणि त्याची पिल्लं जगून वाढली, तर फरक ०.२ वर अडतो. तुकडा लहान असो की मोठा, उत्तर तेच येतं: मोठ्या तुकड्यात एका पाहुण्याचा वाटा कमी, पण तिथे ड्रिफ्टही तितकाच मंद. अट एकच, नुसतं येऊन भागत नाही. वीण व्हायला हवी. "आजोबा"सारखा प्रवासी वाटेतच मेला तर तो या सूत्रात शून्य.

तेव्हा "रस्ता नवी प्रजाती घडवेल" असं सांगू नका. छोट्या तुकड्यात फरक झपाट्याने पडतो खरा, पण तो आहे ती विविधता गळून पडतो. नवं काही साठायला लागणारा वेळ त्या तुकड्याला मिळतच नाही. त्याआधी नात्यातल्या नात्यात वीण होऊन पिल्लं अशक्त निघायला लागतात. १९८० च्या सुमारास मांडलेला जुना ठोकताळा असा की नात्यातल्या विणीचा तातडीचा धोका टाळायला प्रभावी संख्या निदान ५० आणि दीर्घकाळ बदलत राहण्याची क्षमता टिकवायला ५०० हवी. आज बरेच जण हे दोन्ही आकडे कमीच मानतात. २५ च्या तुकड्याची वाट प्रजातीकडे जात नाही, संपण्याकडे जाते.

आणि वेगळं दिसणं म्हणजे वेगळी प्रजाती नव्हे. मूळ समूहात दोन जनुकं एकमेकांशी जुळवून काम करतात असं समजा. अलीकडे पहिलं जनुक बदललं; जुन्या दुसऱ्याबरोबर ते नीट चालतं म्हणून टिकलं. पलीकडे दुसरं बदललं. जुन्या पहिल्याबरोबर तेही नीट चालतं. दोन्ही बाजूंना कुणाचं काही बिघडलेलं नाही. संकरात मात्र नवं पहिलं आणि नवं दुसरं प्रथमच समोरासमोर येतात, आणि ही जोडी निसर्गाने कधी तपासलेलीच नसते. डोब्झान्स्की आणि म्युलर या जनुकशास्त्रज्ञांच्या नावाने ही मांडणी ओळखतात. यातला खास भाग असा की दोन्ही बाजूंना पाच-पाच बदल झाले तर न तपासलेल्या जोड्या २५, दहा-दहा झाले तर १००. बिघाडाची शक्यता वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून प्रजाती होणं बराच काळ दिसतच नाही आणि मग वेग घेतं.

बिघाड आधी कुणात दिसतो यालाही नियम आहे. जे. बी. एस. हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये तो दाखवला: संकरातलं एकच लिंग वांझ किंवा अशक्त असेल तर ते दोन वेगळी लिंग-गुणसूत्रं असणारं. सस्तन प्राण्यांत नर; पक्षी आणि फुलपाखरांत मादी. (हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात राहायला आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. मुलांना हे सहसा माहीत नसतं.)

कातळपाल:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. बातमीतली "नवी" म्हणजे शास्त्रात नाव नव्याने नोंदवलेली. कोळी तिथे होताच; त्याचं वर्णन करून, नमुना संग्रहात ठेवून, नाव आता प्रसिद्ध झालं. तो त्याच्या जवळच्या भाऊबंदांपासून कधी फुटला हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा लाखो वर्षांत येतं.

आपल्याकडचं स्वच्छ उदाहरण हवं तर झँथोफ्रायनी या टोडच्या वंशाचं घ्या. एक प्रजाती कोयनेची, १९६३ पासून माहीत असलेली. दुसरी आंबोलीची, अंगावर वाघासारखे पट्टे असलेली, २००९ मध्ये वर्णन झालेली. दोन्ही सह्याद्रीतल्याच, मध्ये सुमारे दीडशे किलोमीटर. आंबोलीचा टोड जांभ्याच्या सड्यावर, पावसाच्या सुरुवातीच्या उथळ डबक्यांत वीण करतो. असा प्राणी सडा सोडून दरी उतरून पलीकडच्या डोंगरावर जात नाही. निमास्पिस गटातल्या लहान पालींचंही तेच: कासची एक (२०१४), आंबोलीची एक (२०१६), अशा एकेका डोंगरापुरत्या मर्यादित प्रजाती निघत आहेत. प्रजाती घडवणारी दरी दाखवायची तर ही दाखवा.

रस्त्याचा परिणाम डीएनए बारकोडने (प्रजाती ओळखायला वाचतात त्या डीएनएच्या ठरावीक छोट्या तुकड्याने) पाहता येईल का, असं कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. मायटोकाँड्रियाच्या डीएनएमध्ये दोन वंशांमध्ये दर दहा लाख वर्षांना साधारण २ टक्के फरक पडतो, हा ढोबळ दर धरा. ६०० अक्षरांचा तुकडा वाचला तर साठ वर्षांत अपेक्षित फरक ०.०००७ अक्षर. सात हजार वर्षांच्या खाडीसाठीसुद्धा ०.०८. म्हणजे बारकोडच्या नजरेला रस्ता नाहीच आणि खाडीही जवळपास नाही. अलीकडचं तुटलेपण मोजायला मायक्रोसॅटेलाइट (डीएनएत पुन्हा पुन्हा येणारे छोटे अक्षरसमूह) किंवा जनुकसंचभर पसरलेल्या हजारो एकाक्षरी फरकांच्या जागा लागतात.

असा अभ्यास बसवायचा तर प्रत्येक बाजूचे २५-३० नमुने हवेत. शिवाय तेवढ्याच अंतरावरच्या, पण मध्ये रस्ता नसलेल्या जोड्याही हव्यात. हे दुसरं हमखास राहून जातं. लांबचे प्राणी तसेही थोडे वेगळे असतात. ती तुलना नसेल तर नुसत्या अंतराचा परिणाम रस्त्याच्या माथी मारला जातो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे एका डबक्यातून दहा बेडूकमासे उचलणं. ते सख्खी भावंडं निघतात आणि दोन डबक्यांत खोटाच मोठा फरक दिसतो. मायक्रोसॅटेलाइटमध्ये आणखी एक सापळा आहे: प्रायमर, म्हणजे वाचायची जागा पकडणारा डीएनएचा छोटा तुकडा, एका प्रतीवर बसलाच नाही तर दोन वेगळ्या प्रती असलेला प्राणी एकाच प्रकारचा वाचला जातो आणि नात्यातली वीण आहे त्यापेक्षा जास्त भासते. नमुन्यासाठी बेडकाचं बोट कापायची गरज नाही, तोंडातला किंवा कातडीवरचा निर्जंतुक कापसाचा बोळा पुरतो. मात्र उद्यानात हात लावायचा तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. शाळा-कॉलेजच्या सहलीत हे करू नये.

नवी प्रजाती ठरवताना आम्ही एकाच पुराव्यावर विसंबत नाही. बेडकांत मायटोकाँड्रियातल्या १६एस या जनुकात ३ टक्क्यांहून जास्त फरक दिसला की कान टवकारायचे, एवढंच. तो निकाल नसतो. मग मापं, बोटांमधले पडदे आणि आवाज. आवाज ध्वनिमुद्रित करताना हवेचं तापमान त्याच क्षणी लिहून ठेवावं लागतं. थंडीत बेडकाच्या आवाजातले ठोके संथ पडतात आणि एकाच प्रजातीचे दोन नर दोन प्रजातींचे वाटतात.

येऊरला हिवाळ्यात येणारा ग्रीनिश वॉर्ब्लर हा वटवट्याही मुलांना दाखवण्यासारखा आहे. तिबेटच्या पठाराभोवती याचे समूह कड्यासारखे पसरले आहेत. शेजारचे समूह एकमेकांसारखे, पण पठाराला पश्चिमेकडून आणि पूर्वेकडून वळसा घालून गेलेली दोन टोकं सायबेरियात पुन्हा भेटतात तेव्हा एकमेकांचं गाणं ओळखत नाहीत आणि जोड्याही जमवत नाहीत. २०१४ मधल्या जनुकीय अभ्यासात या कड्याला पूर्वी खंड पडले होते असं दिसलं. तेव्हा "अखंड कडं" असं ठासून सांगू नका, बाकी उदाहरण पक्कं आहे.

मानपाडा_जीवशास्त्र:

दोघांचे आभार. रस्त्याचं वाक्य काढून टाकतो. पण मग मुलांना "लाखो वर्षं" एवढंच सांगायचं का? झटपट प्रजाती होत नाहीतच? आणि कारवी आठ वर्षांनी फुलते त्याचा याच्याशी काही संबंध लागतो का?

कारवीचं_रान:

झटपट होतात, आणि त्यातली एक तुमच्या डब्यातल्या पोळीत आहे. खपली गव्हाच्या पेशीत २८ गुणसूत्रं, नेहमीच्या पोळीच्या गव्हात ४२. खपलीच्या गटातला लागवडीचा गहू आणि शेताच्या बांधावरचं १४ गुणसूत्रांचं रानगवत यांचा आठ-दहा हजार वर्षांपूर्वी संकर झाला. पहिल्या संकरात १४ + ७ = २१ गुणसूत्रं आली, एकालाही जोडीदार नाही. जोडीदार नसला की परागकण आणि बीजांड बनताना गुणसूत्रांची वाटणी बिघडते, झाड वांझ राहतं. पण कधीतरी न विभागलेली, सगळीच्या सगळी २१ गुणसूत्रं परागात आणि बीजांडातही गेली आणि त्यांच्या मिलनातून ४२ चं झाड उभं राहिलं. आता प्रत्येकाला जोडीदार आहे, झाड फळतं, आणि आई-बापांपैकी कुणाशीही त्याचा सुरळीत संकर जमत नाही. डोंगर नको, दरी नको, एक-दोन पिढ्यांत काम झालं.

बिनबियांचं कलिंगड ही याचीच बाजारातली आवृत्ती आहे. २२ गुणसूत्रांचं झाड आणि दुप्पट करून घेतलेलं ४४ चं झाड यांच्या संकरातून ३३ चं झाड मिळतं. तीन-तीन गुणसूत्रांची समान वाटणी होत नाही, म्हणून बी धरत नाही. दुप्पट करायला कोल्चिसिन वापरतात. पावसाळ्यात येऊरच्या वाटेवर दिसणाऱ्या कळलावीतही तेच रसायन असतं. ते जहाल विष आहे, तेव्हा मुलांना फूल लांबूनच दाखवा, कंदाला हात नको.

कारवीचा प्रश्न मस्त आहे. ती सात-आठ वर्षांनी एकदम फुलते, बी धरते आणि मरते. उद्यानात २०१६ ला फुलली आणि नंतर २०२४ ला. सह्याद्रीत दुसऱ्या ठिकाणी फुलण्याची वर्षं वेगळी आहेत. म्हणजे दोन रानं शेजारी असली तरी वर्ष जुळत नसेल तर परागाची देवाणघेवाण शून्य: अंतराऐवजी वेळेची भिंत. अमेरिकेतल्या १३ आणि १७ वर्षांनी जमिनीतून निघणाऱ्या सिकाडा या किड्यांमध्ये असंच झालं; त्यातली १३ वर्षांची एक प्रजाती १७ वर्षांच्या पूर्वजांतून, चक्र चार वर्षांनी आखडून वेगळी झाल्याचा पुरावा आहे.

मग कारवीच्या दरवर्षी नव्या प्रजाती का फुटत नाहीत? दर खेपेला काही झुडपं वर्षभर आधी किंवा नंतर फुलतात. त्यांचं दोन बाजूंनी नुकसान होतं. परागीभवनाला जोडीदार थोडे. आणि सगळं रान फुललं की बी खाणारे किडे-पक्षी खाऊन खाऊन दमतात, तसं इथे होत नाही, थोडं बी सगळंच फस्त होतं. त्यामुळे चुकार झुडपांची वेगळी पिढी उभी राहत नाही. त्यातूनही एखाद्या चुकाराचं बी वाचलंच आणि पुढे वेगळ्या वर्षाच्या रानात मिसळलं, तर वर साष्टीकर यांनी सांगितलेला "पिढीमागे एक पाहुणा" तोच. वेळेची भिंतही अशी झिरपते. ती पक्की व्हायची तर मोठा समूह एकदमच सरकावा लागतो. वणवा, तोड किंवा सलग दुष्काळाने असं होऊ शकतं.

टाकीतला_डास:

झटपटवर थोडं पाणी ओततो. लंडनच्या भुयारी रेल्वेत शंभर-दीडशे वर्षांत डासाची नवी प्रजाती झाली, ही गोष्ट शिक्षकांची फार लाडकी आहे. वापरू नका. अलीकडच्या जनुकसंच अभ्यासात असं दिसलं की तो माणसाळलेला डास भूमध्य समुद्राच्या परिसरात, जमिनीवरच, हजार वर्षांहून कितीतरी आधी वेगळा झाला होता. भुयारात तो तयार होऊनच शिरला.

आपल्या इमारतींच्या टाक्यांमधला ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा डास जास्त बोलका आहे. याचे तीन प्रकार अंड्याच्या बाजूच्या फुग्यावरच्या कंगोऱ्यांवरून ओळखतात: शहरी मूळ प्रकारात १४ ते २२, मधल्यात १२ ते १७, ग्रामीण मायसोरेन्सिसमध्ये ९ ते १५. शहरी प्रकार मलेरिया जोरात पसरवतो, ग्रामीण फारसा नाही. आकडे एकमेकांवर चढलेले आहेत हे लक्षात घ्या. १५ कंगोऱ्यांचं एकच अंडं तिन्हींपैकी कशाचंही असू शकतं, म्हणून एका मादीच्या अनेक अंड्यांची सरासरी काढतात. या तिघांना अजून एकाच प्रजातीत धरतात. समूह बदलतोय पण प्रजाती ठरत नाही, ती मधली अवस्था मुलांना इथे दाखवता येते.

समूह किती वेगाने बदलतो यालाही आकडा आहे. पायरेथ्रॉइड कीटकनाशकांच्या फवारणीला न जुमानणाऱ्या डासांत चेतापेशीच्या सोडियम मार्गिकेत १०१४ क्रमांकाच्या जागी ल्युसीन या अमिनो आम्लाऐवजी फेनिलअ‍ॅलनिन आलेलं असतं. डीएनएतलं एकच अक्षर बदलून हे होतं. अशा बदलाचा फायदा २० टक्के आणि समूह दहा हजारांचा धरला, तर तो सगळ्या समूहात पसरायला (२ ÷ ०.२) × ९.९, म्हणजे सुमारे १०० पिढ्या लागतात. महिन्याला दीड पिढी धरली तर साडेपाच वर्षं. इथला ९.९ म्हणजे २० हजारांचा नैसर्गिक लॉगॅरिदम.

आणि रस्त्याचंच उदाहरण हवं असेल तर तेही आहे, फक्त ते प्रजातीचं नाही. अमेरिकेत नेब्रास्कामध्ये पुलांखाली घरटी करणाऱ्या भिंगऱ्यांचे पंख तीस वर्षांत आखूड झाले, आणि गाड्यांखाली मेलेल्यांचे पंख जिवंतांपेक्षा लांब भरले. आखूड पंखांचा पक्षी चटकन वर उडून वळतो. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. डासांच्या अळ्यांसाठी आपण कारंज्यांत सोडतो त्या गप्पी माशांवरही असंच काम आहे: त्रिनिदादमध्ये कमी शिकारी असलेल्या ओढ्यात हलवल्यावर ११ वर्षांत, ३० ते ६० पिढ्यांत, ते उशिरा आणि मोठे होऊन वयात यायला लागले.

वाटी_आणि_चवळी:

प्रयोगाचं सांगतो. पांढरी आणि लाल चवळी घ्या, दाणे चाळून एकाच आकाराचे. राजमा आणि चवळी असा मेळ घालू नका; बोटांना मोठा दाणा आधी लागतो आणि ड्रिफ्टऐवजी नकळत निवड होते. चौघांचा एक असे दहा गट. प्रत्येकाला अपारदर्शक वाटी, त्यात ५ पांढरे आणि ५ लाल दाणे, आणि शेजारी दोन्ही रंगांचा साठा.

एकाने न बघता दाणा काढायचा, दुसऱ्याने रंग लिहायचा, दाणा परत टाकायचा, वाटी हलवायची. असं दहा वेळा. आलेल्या रंगांप्रमाणे साठ्यातून नवी वाटी भरायची. ती दुसरी पिढी. दाणा परत टाकायला विसरले की दर वेळी पाच-पाचच येणार आणि मुलं "काहीच होत नाही" म्हणणार. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. एका पिढीत पांढऱ्यांची संख्या साधारण दीड-दोन दाण्यांनी इकडे-तिकडे होते, आणि वाटी एकाच रंगाची व्हायला सरासरी १४ पिढ्या लागतात. पिढीला दीड मिनिट धरलं तर पहिला भाग २०-२२ मिनिटांत होतो. काही वाट्या पाचव्या पिढीतच संपतील, काही शेवटपर्यंत रेंगाळतील. संपलेल्या गटाला मोकळं बसवू नका, ४० दाण्यांची वाटी द्या. तिथे टक्केवारीतली हेलकावणी निम्मी होते, ती त्यांनी आलेखावर दाखवायची.

दहा गटांचे दहा निकाल वेगळे आले की कुणीतरी "आमचं चुकलं" म्हणेल. चुकलेलं नसतं. पाचाच्या आसपास वाट्या पांढऱ्या आणि तितक्याच लाल होणं, हाच निकाल. सुरुवात ३ पांढऱ्यांनी केली तर दहातल्या तीनेक वाट्या पांढऱ्या होतील.

दुसऱ्या भागात दोन गट शेजारी बसवा आणि दर पिढीनंतर एक-एक दाणा न बघता बदलून घ्यायला सांगा. एका वाटीतून रंग गेला तरी शेजारून परत येतो, दोन्ही वाट्या एकमेकींना धरून राहतात. निवड दाखवायची तर फासा ठेवा: लाल दाणा निघाला आणि फाशावर १ पडला तर तो बाद, पुन्हा काढा. बहुतेक वाट्या पांढऱ्या होतील, तरी एखाद्या गटात लालच जिंकेल. छोट्या समूहात फायद्याचं जनुकही योगायोगाने हरवतं, हे तिथे सांगून टाका.

मानपाडा_जीवशास्त्र:

वाट्यांनी समूह वेगळे होतात ते दिसेल. पण प्रजाती कधी झाली म्हणायचं ते यात दिसत नाही ना?

साष्टीकर:

नाही दिसत, त्यासाठी दुसरा खेळ लागेल. चौकटीच्या कागदावर १० बाय १० चे शंभर चौकोन आखा. आडव्या ओळी अलीकडच्या समूहाचे बदल, उभे रकाने पलीकडच्याचे. आधीच चिठ्ठ्या काढून कुठल्याही पाच चौकोनांत पेन्सिलीने बारीक फुली करा आणि सगळा कागद छोट्या चिकट चिठ्ठ्यांनी झाका. दर फेरीला दोन्ही समूहांना एकेक बदल द्या. पहिल्या फेरीत एक ओळ आणि एक रकाना छेदतो तो एकच चौकोन उघडायचा, चौथ्या फेरीअखेर १६ उघडलेले असतात, सहाव्या अखेर ३६. फुल्यांची सरासरी अपेक्षा चौथ्या फेरीला ०.८, सहाव्याला १.८, दहाव्याला पाचही. एक फुली म्हणजे संकर थोडा अशक्त, तीन म्हणजे वांझ, असं आधीच ठरवून ठेवा; नंतर ठरवलं तर मुलं भांडतात. फुल्या स्वतःच्या मनाने टाकू नका, हात हमखास मधल्या चौकोनांकडे वळतो आणि खेळ पाचव्या-सहाव्या फेरीतच संपतो. वेळ उरला तर तोच कागद नव्या चिठ्ठ्यांनी दुसऱ्यांदा खेळा आणि तिसरी फुली कितव्या फेरीत आली ते फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा.